बहिणीचं नाव घेतलं

मंगळवार, ४ मार्च

घात झाला. आणि तोही प्रार्थनेत!

महिन्यापूर्वी धाकट्या बहिणीने मला एकटीला सांगितलं – छातीत गाठ हाताला लागतेय. "ताई, कुणाला बोलायचं नाही. घरी तर नाहीच. तपासणीचं मी बघते." कसली बघते! रोज उद्या, उद्या. मी पोटात ठेवून फिरत होते.

आज बायकांच्या प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना करायची माझी पाळी आली. "प्रभू, माझ्या बहिणीच्या छातीतली गाठ –" नावासकट सगळं बोलून बसले. आमेन म्हणून डोळे उघडते तर मागच्या बाकावर तिच्या सासूबाई. एरवी कधी फिरकत नाहीत. आजच बुद्धी सुचली त्यांना.

मी प्रभूशी बोलत होते. बाकीच्यांनी ऐकलं, त्याला मी काय करू?

बुधवार, ५ मार्च

धाकटी फोन उचलत नाही. सात वेळा केला.

गुरुवार, ६ मार्च

दिवसभर कवळ्या. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, मी मेणात दात बसवते. हात कामात आणि तोंड प्रभूशी – अठरा वर्षांची सवय. मालकांची कटकट, माझा गुडघा, सगळं त्याच्या कानावर घालायचं. शेजारच्या टेबलावरचा कारागीर नेहमी विचारतो, "आज काय म्हणतात तुमचे साहेब?" आज म्हणाला, "भांडण झालंय का?" मी म्हटलं, तुम्ही आपलं काम करा.

खरंच बोलणं बंद आहे. "प्रभू" म्हणते आणि पुढे शब्द नाही. म्हणून वहीत लिहितेय. वही उलट काही विचारत नाही.

एका आजोबांच्या कवळीत समोरचे दात उलटे बसवले, डावे उजवीकडे. अजून मेणातच होते म्हणून निभावलं.

शनिवार, ८ मार्च

सभा घेणाऱ्या काकू रस्त्यात भेटल्या. "किती मनापासून मागितलंस गं! सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं." गाठ तिला, कौतुक माझं.

गाठ वाईट निघाली तर? तिची पोरगी अजून दुसरीत आहे. आणि ती माझ्याशी बोलली नाही ती नाहीच, असं झालं तर? भीती वाटते. कुणाला सांगू?

सोमवार, १० मार्च

धाकटी आली! दुपारी, थेट कामावर. चेहरा एवढासा झालाय. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. एक शब्द लागट बोलल्या नाहीत म्हणे. तुकडा काढून तपासायला दिलाय. रिपोर्ट शुक्रवारी.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," म्हणाली. मग माझ्या टेबलावरचे सुटे दात बोटाने चाळत बसली. "खूप राग आला होता, ताई. पण तू काय मुद्दाम केलंस? प्रार्थनेच्या भरात गेलं तोंडातून. चुकून झालं. मी नाही मनात ठेवत."

मी मान हलवली. चहा मागवला. तिने अर्धाच घेतला.

मंगळवार, ११ मार्च

सभेला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. रिपोर्टची धास्ती आहेच, पण हे त्याहून वेगळं आहे. तिने माफ केलं, तरी छातीवरचा दगड हलत नाही.

बुधवार, १२ मार्च

सकाळी साच्यांचं प्लास्टर कालवता कालवता प्रभूशी बोलले. एवढंच – माझे डोळे मिटलेले नव्हते. सासूबाई येऊन बसलेल्या मी पाहिल्या आणि मगच तिचं नाव घेतलं. त्यांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुला मध्ये घातलं.

अर्ध्या दिवसाची रजा मागितलीय. रिपोर्ट यायच्या आधी धाकटीला हे माझ्या तोंडून कळायला हवं.