दोनदा नको

आई,

आज सकाळी सुनेने मला विचारलं, "आई, गुरुवारी येऊ का मी तुमच्याबरोबर?" मी म्हटलं, "नको गं, कशाला उगीच." आणि तिने ते ऐकलं. "बरं," म्हणाली आणि मोबाइलवर आमच्या भाड्याच्या खोल्यांसाठी पाहुण्यांचं बुकिंग बघायला लागली. गुरुवारी अलिबागला माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दिवेआगरहून पहाटे निघायचं, दिघीला बोट धरायची, खाडीपलीकडे उतरून पुढे मुरूड, काशीद करत एसटी. मुलगा जहाजावर, वर्षातले सहा महिने घरात नसतो. ह्यांचे गुडघे अंगणापर्यंत नेतात तेवढंच. म्हणजे येणार तर सूनच, नाहीतर मी एकटी, एका डोळ्यावर पट्टी बांधून.

तेव्हापासून मी तिच्याकडे बघते आहे. विचारलं तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती. म्हणजे बाहेर निघता निघता तोंडदेखलं विचारलं, की विचारायचं म्हणून दारात थांबली? आवाज गोड होता. जरा जास्तच गोड होता का? पनवेलकडची पोर, घरात येऊन तीन वर्षं झाली, पण अजून मला तिचा अंदाज येत नाही. जेवताना "अजून भात?" म्हटलं की "नको" म्हणते आणि खरंच हात धुवायला उठते. पहिल्या दिवाळीत वाटलं, रुसली. दुसऱ्या दिवाळीत वाटलं, माझ्या हातचं हिला आवडत नाही. "हो" म्हणते तेव्हा तर मला जास्तच संशय येतो. पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, देव जाणे.

माझं असं का होतं ते तुला ठाऊक आहे, कारण शिकवणी तुझीच. मी सात-आठ वर्षांची, किहीमला शेजारच्या काकूंनी नारळाच्या वड्यांची ताटली पुढे केली आणि मी लगेच एक उचलली. तिथे तू काही बोलली नाहीस. हाताला धरून घरी आणलंस, चुलीपुढे बसवलंस आणि म्हणालीस, "उपाशी ठेवते का मी तुला? दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणाल्या तर त्यांच्या मनात आहे, मग घ्यायची."

"आणि तिसऱ्यांदा नाहीच म्हणाल्या तर?"

"तर वड्या मोजक्याच आहेत असं समजायचं आणि मुकाट घरी यायचं."

दुसरी बाजूही तूच दाखवलीस. दुपारी अवेळी कुणी पाहुणा टेकलेला आहे, उठायला लागलाय, आणि तू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणतेस, "असं कसं, जेवूनच जा की." तो नको म्हणतो. "दोन घास तरी." तो पुन्हा नको म्हणतो आणि जातो. मी विचारते, "आई, भात होता?" तू म्हणतेस, "नव्हता. म्हणून तर दोनदाच म्हटलं." भात असला की तू तिसऱ्यांदा म्हणायचीस, आणि तेव्हा भरलेला डाव तुझ्या हातातच असायचा. नैवेद्य मात्र एकदाच दाखवायचीस. देव काही आढेवेढे घेत नाही, म्हणायचीस. लग्नात माझ्या ट्रंकेत तू तो पितळी डाव ठेवलास. "तिसऱ्यांदा विचारशील तेव्हा भरलेला असू दे," एवढंच म्हणालीस. अजून तोच वापरते. दांडा दोनदा डाग देऊन घेतला, नवीन नाही आणला.

आज दहाच्या सुमाराला भरडखोलची मासेवाली आली. "वैनी, फुकट न्या, तुमच्याकडून काय पैशे घ्यायचे!" म्हणत तिने टोपली उतरवली. मी "आज नको" म्हटलं. "मंग मी चालली," म्हणून तिने टोपली उचलली आणि फाटकापर्यंत गेली. आमच्या फाटकाची कडी काढायला तिला नेहमीच फार वेळ लागतो. मी हाक मारली, बोंबील घेतले. माझं तोंड बघून तिने विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"तुमी नको बोललाव, तिनी आयकलं. आता रुसायचं कोनी?"

"अगं, पण परत एकदा विचारायला काय झालं होतं?"

"ती काय म्हावरं इकायला आलीय का, फाटकापर्यंत जाऊन परत यायला?"

हसले मी. पण ती गेल्यावर हसू आलं नाही.

दुपारी सून पाहुण्यांच्या चादरी दोरीवरून काढत होती. मी दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "गुरुवारी येशील का तू?"

"हो, येते की. मग सकाळी नको का म्हणालात?"

"तसं म्हणायचं असतं."

"कोणाला?"

तिने घडी घातली, माझ्या हातातलं टोक घेतलं आणि म्हणाली, "आई, मला नाही हो कळत असलं. तुम्ही नको म्हणालात की मी नकोच समजते. पण असं दिवसभर माझ्याकडे बघत नका बसू. जेवण उतरत नाही." म्हणजे तिला कळत होतं. मग तिने पाहुण्यांना फोन करून शुक्रवारी यायला सांगितलं. बोलून झाल्यावर तिने उसासा टाकला का, तेही मी कान देऊन ऐकत होते. नाही टाकला. किंवा मला ऐकू आला नाही.

आता ती चहा ठेवते आहे आणि मी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे. लिहायचं होतं ते हे नव्हतंच.

बावीस वर्षांपूर्वी, गौरी यायच्या चार दिवस आधी मी तुला फोन केला. त्याच काकूंच्या घरी येऊन तू तो घेतलास. तुझा ताप उतरत नाही, चार पावलांत दम लागतो, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. "मी येऊ का?" "नको. सणाचं घर सोडून कुठे येतेस." "दोन दिवस येते ना." "नको म्हटलं ना, बरी आहे मी." त्या वर्षी सासूबाईंनी पहिल्यांदा गौरी माझ्या हाती सोपवल्या होत्या. सगळ्या आळीतल्या बायका बघायला येणार होत्या, निऱ्या कशा बसवल्या, मुखवटा सरळ आहे का. मुखवटा सरळ होता. सगळ्यांनी वाखाणला.

गौरी बोळवल्या त्याच संध्याकाळी तू गेल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी लाँचने खाडी ओलांडून मी किहीमला पोचले आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "मी येते म्हटलं होतं हो, तीच नको म्हणाली." शब्दन् शब्द खरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू तेवढ्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी अजून तेच सांगते, कोणी विचारलं तर, आणि न विचारताही. आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या डावात वाकून बघते, भरलेला आहे का रिकामा.

हे पान वहीतच राहील. सून विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही, हे मात्र तीन वर्षांत पक्कं कळलं आहे.

दुसऱ्यांदा नको म्हणालीस, पण फोन ठेवला नाहीस. काकूंच्या पडवीत कोणीतरी नारळ खवत होतं, तो आवाज येत होता, आणि तुझा श्वास. तू थांबली होतीस. मी विसरले नव्हते, आई, मोजत होते. माझा डाव रिकामा होता, म्हणून "बरं, काळजी घे" म्हटलं आणि आधी मीच फोन ठेवला.