वाटणीतला रिसीव्हर

१२ जुलै, शनिवार. सकाळी.

वाटणीला आज दोन महिने झाले. माझं मन अगदी शांत आहे. म्हणूनच डायरी लिहायला घेतली. डोक्यात राग असणाऱ्याच्या हातून डायरी होत नाही.

भांड्यांचं दुकान मला, गोडाऊन धाकट्या भावाला, नेमीचंदला. घर मधोमध. माझं दार मेन रोडवर, त्याचं मागच्या गल्लीत. हॉलमध्ये विटांची भिंत. इथपर्यंत ठीक. पण सामानाच्या चिठ्ठ्या कारंज्याच्या मामाजींनी केल्या. होम थिएटरपाशी आले आणि विचारलं, यातलं वाजते कोनतं? मी म्हटलं, रिसीव्हर नसेल तर स्पीकर मुके, स्पीकर नसतील तर रिसीव्हर मुका. मामाजी म्हणाले, मंग दोन्ही अर्धे अर्धे झाले, दोघांले एकएक द्या. रिसीव्हर एक नग, टॉवर स्पीकरची जोडी एक नग. चिठ्ठी निघाली. रिसीव्हर मला, टॉवर नेमीला.

मी काही बोललो नाही. नेमीही बोलला नाही. खरं म्हणजे त्याने बोलायचं होतं. तेरा वर्षांनी लहान आहे.

निश्चय: नवे टॉवर आणायचे, जुन्यांपेक्षा सरस. नेमीचं नाव या घरात आणि दुकानात कोणी काढायचं नाही. बायकोला, हीराबाईला, आणि दुकानातल्या जगदेवला तसं बजावलं. मागच्या गल्लीत पाय ठेवायचा नाही. त्याचा नंबर ब्लॉक. रागाने नाही, शिस्त म्हणून.

१५ जुलै, मंगळवार.

अभ्यास सुरू. यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले. रिसीव्हर आठ ओहमचा आहे. स्पीकरही त्याच मापाचा हवा, नाहीतर मशीनवर लोड येतो. लोक नुसती उंची बघून टॉवर घेतात. माझं तसं होणार नाही. चौतीस वर्षं भांडी वाजवून विकतोय. कळशीला केसाएवढी चीर असली तरी गल्ल्यावर बसून सांगतो. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात एवढा कान दुसऱ्या कुणाचा नाही.

हीराबाई म्हणाली, मी तासभरापासून जेवाले हाका मारून राह्यली. व्हिडिओ चालू होता.

१९ जुलै, शनिवार.

अकोल्याला जाऊन आलो. शोरूममध्ये प्रत्येक टॉवर आधी बोटाने वाजवून पाहिला. सेल्समन बघत राहिला. म्हणाला, काका, हे वाजवायला वायर लागते. त्याला धंदा समजत नाही.

मग त्याने विचारलं, रिसीव्हरसोबत आधी कोणते टॉवर होते? मी सांगितलं. म्हणाला, मग दुसरे कशाला शोधता, त्या मशीनला त्याहून चांगली जोडी मिळणार नाही, कुठे गेले ते? मी म्हटलं, खराब झाले.

काही घेतलं नाही. परत येताना पातूरच्या घाटात डोकं दुखायला लागलं.

२३ जुलै, बुधवार.

जगदेवने नियम मोडला, पण हुशारीने. म्हणाला, शेट, मागचे शेट म्हनून राह्यले का ते दोन भोंगे घेऊन जा, आमाले काई कामाचे नाई, पोरगी त्याच्यावर कपडे वाळू घालते.

भोंगे. माझ्या टॉवरना भोंगे म्हणतो.

मी सांगितलं, भीक नको. त्याला द्यायचे असतील तर स्वतः समोरच्या दाराने यावं आणि बोलावं. जगदेव म्हणाला, मंग तसं सांगू का त्याहिले? मी म्हटलं, सांगू नको. सांगून आला तर त्यात काय अर्थ. त्याला आपण होऊन सुचलं पाहिजे.

३ ऑगस्ट, रविवार.

वाशीमहून पहिली जोडी आणली. चार फूट उंच, काळी, चकचकीत. हीराबाईला समोर बसवलं आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर गेल्यासारखा आवाज येतो तो डेमो लावला. तीन मिनिटं जबरदस्त. चौथ्या मिनिटाला रिसीव्हर बंद. पडद्यावर 'प्रोटेक्ट'. परत चालू केला, परत बंद.

स्पीकर चार ओहमचे निघाले. मागे लिहिलं होतं. मी बघितलंही होतं. पण दुकानदार म्हणाला चालून जाते, आणि समोरच्या माणसावर विश्वास ठेवणं हा माझा दोषच आहे. घरातल्यांवरही ठेवला होता.

हीराबाई म्हणाली, त्या मशीनले तरी समजते का आपल्याच्यानं होत नाई तं बंद पडाव. मी वायरी काढायला घेतल्या.

१० ऑगस्ट, रविवार.

टॉवर परत नेऊन दिले. घरी रविवार फार लांब वाटतो.

आधी रविवारी दोन्ही घरं हॉलमध्ये बसायची. व्हॉल्यूम माझ्या हातात. नेमी डाव्या टॉवरपाशी, त्याची मुलगी कृतिका त्याच्या मांडीवर डोकं ठेवून. हेलिकॉप्टर आलं की नेमी छताकडे बघायचा. आठ वर्षं, दर वेळी. आवाज कसा जमला पाहिजे, तर असा. दर रविवारी म्हणायचा, दादा, आवाज थोडा कमी करता का. ही त्याची बोलायची पद्धत. आवडायचंच त्याला.

१८ ऑगस्ट, सोमवार.

दुसरी जोडी नागपूरहून कुरिअरने आली. आठ ओहम. मशीन बंद पडलं नाही. पण आवाज! जुन्या टॉवरचा आवाज पितळेचा होता, हा हलक्या गेजच्या स्टीलचा. हेलिकॉप्टर म्हणजे मिक्सर वाटतो. मी मुद्दाम छताकडे बघून पाहिलं. काही वाटलं नाही.

जगदेवला बोलावून ऐकवलं. म्हणाला, चांगलं तं हाये. त्याच्या मताला किंमत नाही. परत पाठवले.

२८ ऑगस्ट, गुरुवार.

आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. मंदिरात नेमी दोन ओळी पुढे बसला होता. वळून बघितलं त्याने. मी पूजेच्या पुस्तकात बघितलं. बारीक झाल्यासारखा वाटला. वाटणीत ज्याचं मन साफ नसतं त्याला अन्न लागत नाही.

पंडितजी म्हणाले, क्षमेत लहान-मोठा नसतो, आधी हात जोडतो तोच मोठा. पंडितजी बाहेरगावचे आहेत. त्यांना आमची केस माहीत नाही.

पण एक गोष्ट पक्की. ८ सप्टेंबरला क्षमावाणी. त्या दिवशी वैरीसुद्धा वैऱ्याच्या दारात जाऊन हात जोडतो. नेमीला यावंच लागेल. तोवर टॉवर बसलेले पाहिजेत. तो आल्यावर घर मुकं दिसायला नको.

२ सप्टेंबर, मंगळवार.

हीराबाई जेवताना म्हणाली, तुमाले एक सांगाचं होतं, मागच्या घराचं. मी हात वर केला. ती म्हणाली, ऐकून तं घ्या, महत्त्वाचं हाये. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मंग मले म्हनू नका, सांगतलं नाई म्हनून, असं बोलून ताट उचलून गेली.

दुपारी जगदेवही 'मागचे शेट टेम्पो' एवढं बोलला आणि माझ्याकडे बघून थांबला. नेमीने गोडाऊनसाठी टेम्पो घेतला असेल. घेऊ दे. या वयात हप्ते फेडू दे.

शिस्त लागली घराला. समाधान वाटलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार.

जमलं! तिसरी जोडी. आठ ओहम, नव्वद डेसिबल. अकोल्याच्या त्याच शोरूममधून. बोटाने वाजवल्यावरच कळलं.

व्हिडिओत सांगतात, टॉवर भिंतीपासून दीड फूट लांब ठेवा, नाहीतर बास भिंतीत जातो. मी चार बोटांवर ठेवले, मधल्या भिंतीला. बास भिंतीत गेला तर बिघडलं काय. भिंतीच्या पलीकडेही माणसं राहतात.

मी त्याला बोलावतोय असं नाही. पण ऐकू गेलं तर तो येईल. येऊन हात जोडेल. मी लगेच काही बोलणार नाही. अर्धा मिनिट जाऊ देईन. मग म्हणेन, बस. डाव्या टॉवरपाशी त्याची खुर्ची मांडून ठेवली आहे. तो बसला की हेलिकॉप्टर लावायचं. नंतर म्हणेन, तुझे जुने दोन आण, मागच्या बाजूला लावू. म्हणजे चारही कोपरे भरतील. भिंतीचं काय करायचं ते पुढे बघू.

हे सगळं त्याने सुरुवात केली तर.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी.

सकाळी साडेआठ. मंदिरात गेलो नाही. तो इथे आला आणि मी तिथे असलो तर? हीराबाई एकटी गेली. दुकान जगदेववर सोपवलं.

दहा. व्हॉल्यूम पन्नास. हेलिकॉप्टर लावलं. आवाज पितळेचा.

साडेदहा. साठ. आला नाही. गंध-पावडर करत असेल.

अकरा. सत्तर. हेलिकॉप्टर परत परत. भिंतीचा गिलावा थोडा पडला. एवढं ऐकून माणूस नाही येणार तर कधी येणार?

साडेअकरा. पंच्याहत्तर. माझेच कान सुन्न झाले.

एक वाजता बंद केलं. आला नाही.

सायकल मी शिकवली त्याला. टायफॉईड झाला तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस मी बसलो होतो. लग्नात त्याचा फेटा मी बांधला. आणि तीस पावलं चालून यायला त्याचे पाय मोडले. वाईट वाटलं. माझ्याशिवाय हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं.

हीराबाई आल्या आल्या म्हणाली, नेमीभाऊजी... मी ओरडलो, त्याचं नाव नको म्हणून सांगितलं ना. क्षमावाणीच्या दिवशी ओरडलो. तेही त्याच्यामुळे.

विषय संपला. आता मी मोकळा.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

रोज संध्याकाळी सात ते आठ टॉवर लावतो. मागून हूं नाही की चूं नाही. भिंतीवर एकदा थाप नाही, 'दादा, आवाज कमी' नाही. आठ वर्षं दर रविवारी सांगणारा माणूस आठवडाभर गप्प. हरला. मनातून जळत असेल, पण बोलायची हिंमत नाही. परवापासून नव्वदवर नेतो.

आवाजात तशी तक्रार करायला जागाच नाही. फक्त त्या खुर्चीत कोणी नसलं की डावीकडचा आवाज थोडा पोकळ लागतो. सेटिंग बघायला पाहिजे.

२१ सप्टेंबर, रविवार.

मागच्या गल्लीतल्या रामीबाई परात घ्यायला दुकानात आल्या. त्यांना नियम माहीत नाही. म्हणाल्या, शेट, रोज सांजच्याले एवढं कोनाले ऐकवता? मांगं तं कुलूप हाये.

मी म्हटलं, कसलं कुलूप.

त्या म्हणाल्या, आता काय, नेमीशेट बारा दिस झाले गेले ना अकोल्याले, कृतिकाच्या अकरावीसाठी. दोन वर्सं तिकडंच राह्यतीन. झाडाईले पानी घालाले चाबी माह्याजवळ हाये. तुमचं वाजाले लागलं का खिडक्या हालतेत रिकाम्या घरात.

जगदेवकडे बघितलं. तो परात पुसत होता. पुसून झालेली.

घरी आलो. हीराबाईला विचारलं. आज तिने नियम पाळला नाही आणि मीही हात वर केला नाही. ९ तारखेला सकाळी टेम्पो भरून गेले. आणि ८ तारखेला मंदिरातून येताना तिघं तिला आपल्याच दारासमोर भेटले. नेमी, त्याची बायको, कृतिका. एक वाजत आला होता. पाऊण तास उभे होते. बेल वाजवली, कडी वाजवली, कृतिकाने खिडकीवर थापा मारल्या. फोन लागत नव्हता. नेमी म्हणाला, वहिनी, दादा आत हायेत, हेलिकॉप्टर चालू हाये. त्याहिले ऐकू नाई येऊन राह्यलं. माह्याकडून उत्तम क्षमा सांगजा.

मी विचारलं, तुझ्याजवळ किल्ली होती, मग त्यांना आत का नाही आणलं? ती म्हणाली, मी तं या म्हनलं. तेच म्हने, नको वहिनी, दादानं दार उघडलं पाह्यजे.

आणखी काही बोलला का, असं विचारलं. म्हणाली, नाई. जाताना हॉलमंधी छताकडे पाहत तसं वर पाह्यलं, अन् हसले.

२२ सप्टेंबर, सोमवार.

टॉवर भिंतीपासून दीड फूट लांब केले. व्हिडिओत सांगतात तसे. व्हॉल्यूम चौदा. चौदावर बेल स्पष्ट ऐकू येते. हीराबाईला बाहेर उभं करून तीनदा वाजवून घेतली. तिसऱ्यांदा आत येऊन ती स्वयंपाकघरात निघून गेली.

नेमीचा नंबर अनब्लॉक केला. मी मोठा आहे, मोठ्याला ते शोभतं. दुपारी फोन लावला. पूर्ण रिंग गेली. परत लावला. परत पूर्ण गेली.

अकोल्याला रहदारी फार. ऐकू गेली नसेल.