एका हाकेला ओ

६ ऑक्टोबर १९९६, सीवूड्स

एकदाचं बस्तान बसलं. चेंबूरच्या दीड खोलीतून थेट चौथ्या मजल्यावर, आणि डोक्यावर फक्त गच्ची! स्वयंपाकघरात ऊन येतं म्हणून श्रुती खूश, धावायला पॅसेज मिळाला म्हणून जाई खूश, आणि मला आकाश मिळालं. मी लायसन्सवाला हौशी रेडिओवाला. चेंबूरला माझ्या सेटवर शेजाऱ्यांच्या मिक्सरखेरीज काही ऐकू येत नसे. इथे समोर तिवरं, पलीकडे खाडी. सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब अँटेनाला कुरकुरत होते, म्हणून जाईला पाठवलं. पोर सात वर्षांची, पण तिच्या आवाजाला नाही म्हणणं कोणाला जमत नाही. परवानगी घेऊनच आली, वर हातात चिक्की.

९ ऑक्टोबर

खालच्या करिमुन्निसा चाची मूळच्या उरणकडच्या. आज तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या. दिवेलागणीला कोणीतरी खालून जाईला हाक मारली, ही खिडकीतून "ओ" म्हणून ओरडली, तशी चाचींनी तिला जवळ ओढलं. "पोरी, तिन्हीसांजंला पयल्या हाकंला ओ देवाची नाय. तीनदा हाक मारील तो आपला मानूस. भुकेला हाय तो एकदाच मारतो."

श्रुती गुहागरची, तिनेही मान डोलावली. मला हसू आवरेना. जेवताना मी तिला माझं जुनं कोडं घातलं: एवढे तारे, एवढी कोट्यवधी वर्षं, मग आजवर कोणाचीच हाक कशी ऐकू आली नाही? ती म्हणाली, त्यांच्याकडेही एखादी चाची असेल. विनोद म्हणून बरा होता.

१७ ऑक्टोबर

हाक! गेले काही दिवस संध्याकाळी, खाली गरब्याचा लाऊडस्पीकर लागायच्या आत, सेटवर चढत जाणारा एक सूर येतो. एकदाच, मग शांतता. आणि दररोज चार मिनिटं आधी. तारेही रोज तेवढेच आधी उगवतात, तेव्हा हा कोणाच्या कॉर्डलेस फोनचा खेळ नव्हे. श्रुतीला सांगितलं, तर तिने आधी विचारलं, एकदाच? वर म्हणाली की हात दाखवून अवलक्षण करू नका. दारी आलेल्याला आमच्याकडे कोणी पाणी न देता पाठवलेलं नाही, असं मीही ऐकवलं.

१९ ऑक्टोबर

उत्तर पाठवलं. माणसांच्या वतीने पहिला ओ माझ्या गच्चीवरून गेला, याचा मला अभिमान वाटतो. माझा घोगरा आवाज कशाला? जाईचाच टेप केला: "ओ! मी जाई. खेळायला ये ना."

श्रुतीने अबोला धरलाय. तिला समजावलं, की हे पोचून उलट निरोप येईपर्यंत जाईची पतवंडं म्हातारी होतील.

२० ऑक्टोबर

उत्तर आलं. आजच. जाईच्याच आवाजात. "ओ! मी जाई."

ताऱ्यावरून एका दिवसात उत्तर येत नाही. म्हणजे हाक मारणारा तिथे नाहीच. वर गळ टाकून तो इथे दाराशी बसून होता.

मग दुसरे आवाज येऊ लागले. माणसांचे नव्हेत. एक घुमणारा, एक किणकिणणारा, एक पाण्याखालून आल्यासारखा. कितीतरी. प्रत्येकजण ओ देतो आणि मध्येच तुटतो. सगळ्यांच्या शेवटी पुन्हा माझी जाई. कोडं सुटलं. ज्यांनी ओ दिला ते संपले. उरलेले तोंडावर हात ठेवून बसलेत.

सेट फोडला. खूप भीती वाटतेय.

२२ ऑक्टोबर

सेट नाही, तरी तिन्हीसांजेला गच्चीवरून हाक. बाबा. जाईचा आवाज — आणि जाई माझ्या मांडीवर. चाचींनीही ऐकली, त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही घरात नियम केला: तीन हाका, नाहीतर ओ नाही. जाईकडून घोकून घेतला. ती म्हणते, वरची मुलगी खेळायला बोलावतेय, एकदाच बघून येऊ? आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उचलला. उद्याच चेंबूरला जायला हवं, पण तिथली खोली तर सोडली.

२४ ऑक्टोबर

संध्याकाळी गच्चीवरून — बाबा. मग पुन्हा — बाबा. श्रुती दाराकडे धावली, मी तिचं तोंड दाबून धरलं. तिसरीची वाट पाहिली. आली नाही. सुटलो म्हणून मी हसलोसुद्धा —

जाई पलंगावर नव्हती.

गच्चीवर तिची एक चप्पल. ती नियमानेच हाका मारत होती. तिसरी मारायला तिला वेळच —

२५ ऑक्टोबर

पोलिसांनी खाडीकाठ पालथा घातला. काही नाही. श्रुती माझ्याकडे नुसती बघते. तिच्या गालावर माझी बोटं उठलीत.

२६ ऑक्टोबर

दिवेलागण. बाबा.

बाबा.

श्रुती उठली — तिसरी आली तर आपलं माणूस, चाची म्हणाल्या होत्या — पण नियम जाईला मीच पाठ करून दिला, आणि जाई आता त्याच्याकडे —

बाबा.

तीन. परवा दोनवर गप्प बसलो. आज तीनवर गप्प बसून जगायचं कशाला. श्रुतीने कडी काढली — वर उजेड नाही, तरी — तिचाच आवाज, चिक्की मागतानाचा — जाई, आलो, मी ओ दे