लिफ्टच्या मेकॅनिकची निवड

३ जून, सोमवार
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. जुना मेकॅनिक सोडून गेलाय, आम्ही देखभाल करतो त्या इमारतींतून लिफ्टच्या तक्रारी तुंबल्यात. महिनाअखेरपर्यंत नवा माणूस नाही मिळाला तर तुमच्या खुर्चीचाही विचार करावा लागेल, म्हणे. या ऑफिसला पत्रव्यवहार मी शिकवला, आणि मला हे ऐकवतात. ठराव : असा माणूस आणीन की मालक बघत राहतील.

५ जून
अर्जांचा ढीग वाचून डोकं उठलं. एकालाही धड वाक्य लिहिता येत नाही. ज्याला वाक्य जोडता येत नाही तो वायर काय जोडणार? सगळे अर्ज लाल पेनने तपासले, मार्क दिले आणि परत पाठवले. हे गाढव एक दिवस माझे आभार मानतील.

७ जून
त्यातल्याच एकाचा फोन. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मी पत्र पाठवत नाही साहेब, दार उघडतो, म्हणाला. उर्मट. फोन आपटला.

१० जून
मेहुण्याचा अर्ज. बायकोचा धाकटा भाऊ. आयुष्यभर लिफ्टचंच काम केलं, कंपनी बुडाली म्हणून सध्या घरी बसलाय. अर्ज वाचून अन्नावरची वासना उडाली. नात्यागोत्याला मी भीक घालत नाही. शंभरपैकी अकरा देऊन परत पाठवला. त्याच्या घरी चूल कशी पेटते ते ठाऊक आहे का, असं बायकोनं विचारलं. तेव्हापासून ती बोलत नाही. घरात शांतता. वाचनाला बरं.

१४ जून
सापडला! अर्जात एक चूक नाही. मुलाखतीत अर्ध्या पानाचं शुद्धलेखन घातलं. पैकीच्या पैकी. लिफ्टबद्दल विचारायचं राहून गेलं, पण ते काय, शिकता येतं. मी त्याला पंडित म्हणतो.

१८ जून
पंडित कामावर. आल्या आल्या तीन तक्रारींना सुंदर उत्तरं लिहिली. लोक अजून जिनेच चढतायत. लोकांना नाहीतरी व्यायाम नसतो.

२४ जून
नको तेच झालं. एका इमारतीत मालक स्वतः अडकले, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. पंडितला घेऊन धावलो. पॅनेल उघडून तो पांढराफटक पडला. आधीच्या लिफ्ट कंपनीत तो टायपिंग करायचा, हे आत्ता सांगतोय. मग त्यानं दाराला दिलगिरीची सूचना चिकटवली. मजकूर अप्रतिम. मालकांना धीर यावा म्हणून मी तो दाराला तोंड लावून मोठ्यानं वाचला. आतून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

शेवटी नाक मुठीत धरून घरी फोन केला. दोन आठवड्यांनी बायको बोलली. अकरा मार्कांचा पाठवते, म्हणाली.

मेहुणा आला. कुणाकडे न बघता वर गेला. लिफ्ट हळूच खाली आली, दार उघडलं. मालक माझ्याकडे न बघता त्याच्याशी हात मिळवून निघून गेले.

२५ जून
निर्णय झाला. मेहुणा मेकॅनिक. पंडित माझ्या टेबलावर, कारण पत्रं तो माझ्यापेक्षा बरी लिहितो, म्हणे. हे मात्र लागलं. मला मेकॅनिकच्या हाताखाली दिलंय. अर्थात तात्पुरतं. फील्डवर कुणीतरी वरिष्ठ हवाच.

२७ जून
पहिलं काम. लिफ्ट बंद, म्हणून हत्यारांची बॅग घेऊन गच्चीपर्यंत जिना. दर मजल्यावर टेकलो. मेहुणा वर थांबून राहिला, हाक मारली नाही.

मशीन रूममध्ये त्यानं पाना मागितला. भाऊजी, चौदा नंबरचा. मी बाराचा दिला. सतराचा दिला. मग त्यानं स्वतः वाकून बॅगेतून काढला, आणि मला टॉर्च धरायला दिला.

अकरा मार्कांबद्दल एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.