वैशाखातला बार

मुळशी धरण, चैत्र वद्य दशमी

तीर्थरूप दादा, धाकट्या धुळाचा धरणावरनं दंडवत. मी खुशाल हाय.

तुमचं कार्ड आधी पोलिसांनी वाचलं. ‘वैशाखात बार उडवू, माणसं जमव.’ धरणाच्या गाडीवर गोळी चालली, तवापासनं साहेबाला समदे बाँबवालेच दिसत्यात. मला चौकीत बसवलं. “माझ्या पुतणीच्या, गोजराच्या लग्नाचा बार, साहेब!” सांगून घसा कोरडा झाला.

साहेबाला मराठी कळंना. शेजारी आपल्या गावचा बहिरू कारकून हुता. परवा सत्याग्रहाच्या सभेत माझ्याच घोंगडीवर बसलेला. त्यानं साहेबाला सांगायचं, तर त्यो खाली बघून कागद चाळत बसला.

झडतीत काय घावलं न्हाय, म्हणून सांजंला सोडलं. गोजरा खूश हाय न्हवं?

ही चिठ्ठी टपालात न टाकता नाथाच्या हाती धाडतोय. नाथा आपलाच. तरी चिकटवलेली जागा फाटलीय का, तेवढं बघा.

तुमचा धुळा