बारा पॉइंट सहा

मंगळवार, ४ मार्च

तीच बोट! टोपीवाल्याने माझ्या रिपेरीच्या दुकानासमोरच्या धक्क्याला आणून बांधली. टोपीवाला म्हणजे नवा मालक, टोपी कधी काढतच नाही. बोटीला नवा रंग दिलाय, नवं नाव दिलंय, पण पुढचं ठिगळ लपत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या दादाने हीच बोट खडकावर घातली होती. तिचं वायरिंग माझंच.

"जीपीएसची स्क्रीन मधेच मरते हो. मग आपोआप सुरू होते. शनिवारी निघायचंय मला."

"बघतो," म्हणालो. दिवसभरात माणसाशी बोललेला हा एकच शब्द. मीटरशी मात्र बरंच बोललो.

बुधवार, ५ मार्च

बॅटरी ठणठणीत. फ्यूज बदलला. स्क्रीनचा प्लग काढून टोकांना मीटर लावला — बारा पॉइंट सहा व्होल्ट. जितके हवेत तितके.

दोन वर्षांपूर्वीही हाच आकडा आला होता. चौकशीत साहेबांसमोर मीच सांगितलं, "सप्लाय बारा पॉइंट सहा. वायरिंगमध्ये दोष नाही." दादाचं म्हणणं होतं की धुक्यात स्क्रीन काळी झाली. माझं ऐकून त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाला, "डोळा लागला असेल माझा."

लायसन गेलं. माझ्याशी बोलणंही त्याने तेव्हापासून टाकलं. बावीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस आता गोदामात काट्यावर पोती मोजतो! माझ्याही मनात राग होताच. झोपलास तर झोपलास, माझ्या कामावर कशाला ढकलायचं? हेच घोकत दोन वर्षं काढली मी.

गुरुवार, ६ मार्च

टोपीवाला दोनदा डोकावून गेला — "झालं का?" कसलं होतंय! दीड तास स्क्रीनसमोर बसलो. शहाण्या मुलासारखी चालली. खोडी म्हणून काढली नाही.

जेवण उभ्यानेच उरकलं. बसून जेवायला समोर कोणीतरी लागतं. एकटं वाटतंय. लिहून टाकलं एकदाचं.

शुक्रवार, ७ मार्च

सापडलं.

सकाळी टोपीवाल्याला विचारलं, नेमकी केव्हा मरते? "रडार लावलं की." हे पहिल्याच दिवशी विचारायला काय धाड भरली होती मला! रडार लावलं — स्क्रीन गपकन काळी. रडार बंद करून, प्लग सोडून मोजलं — बारा पॉइंट सहा. मग त्याच टोकांना गाडीच्या हेडलाइटचा बल्ब जोडला. आकडा धाडकन सहावर! बल्ब नुसता लाल झाला.

रिकाम्या वायरवर मीटर गोडच बोलतो. ओझं टाकून, म्हणजे वायरवर काहीतरी चालवून मोजायचं, हे शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतात. मी स्वतः सांगितलंय कितीकांना! आणि दोन्ही वेळा मीच उघड्या टोकांवर मोजून हात झटकले.

काळ्या वायरचा माग काढत तळाच्या फळ्यांखाली गेलो. पाणी साचतं तिथेच एक जोड. टेप सोलली तर आत हिरवी भुकटी, तांब्याच्या दोन-चार तारा कशाबशा तग धरून. स्क्रीन आणि रडार दोघांचा करंट ह्याच जोडातून परत जातो. जोड पक्का दाबलेलाही नाही, नुसता पिळून टेप मारलेली. टेपचं टोक आत दुमडलेलं. पुढच्याला सोलायला सोपं जावं म्हणून असं टोक दुमडणारा ह्या गोदीत एकच आहे. मी. आत्ता चालवू, उद्या पक्कं करू म्हणून राहून गेलेलं काम.

धुकं पडलं की रडार लावतात. रडार लावलं की स्क्रीन जाणार. अपघातानंतर मी तपासायला गेलो तेव्हा लख्ख ऊन होतं, रडार लावायचं डोक्यातही आलं नाही.

दादा झोपला नव्हता.

शनिवार, ८ मार्च

नवी वायर टाकली, जोड पक्का केला, रडार लावून तासभर चालवून बघितलं. टोपीवाला खूश होऊन गेला. त्याला खरं कारण सांगितलं नाही. सांगायचं ते दादाला, आणि त्याच्या दारात दोन वर्षं मी पाऊल टाकलेलं नाही.

फोन तीनदा उचलला, तीनदा ठेवला. तो ओरडला तर बरंच आहे. पण नुसतं "बरं" म्हणून दार लावून घेतलं तर?

रविवार, ९ मार्च

गोदी बंद. रविवार मला खायला उठतो.

चौकशीच्या साहेबांना पत्र लिहिलं. जोड माझा, तपासणी माझी, चूक माझी, दादाचं लायसन परत द्या. पहिले चार कागद फाडले. प्रत्येकात कुठे ना कुठे स्वतःची बाजू सावरत होतो — वयाची, घाईची, ओल्या हवेची. पाचव्यात सरळ लिहिलं. ह्यानंतर गोदीत मला कोण काम देईल, माहीत नाही. न देवोत.

आधी दादाला दाखवतो, मग टपालात टाकतो. निघालो.

सोमवार, १० मार्च

वहिनीने दार उघडलं, आत घेतलं. दादाने पत्र दोनदा वाचलं.

त्याला ठाऊक होतं! खडकावर अडकला असतानाच फळी उचलून त्याने तो जोड हलवून बघितला होता, तशी स्क्रीन परत लागली होती. "चौकशीत तू बारा पॉइंट सहा म्हणालास," तो म्हणाला, "मला वाटलं, घाबरून जाणूनबुजून खोटं बोलतोयस. मग म्हटलं, तुझं काम जाण्यापेक्षा जाऊ दे माझंच लायसन."