आईचा आवाज, दोन डिस्कवर

३ मार्च, सोमवार
आजपासून घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी माझ्या ताब्यात. आईच्या घशाचं ऑपरेशन २७ तारखेला. नंतर आवाज राहील, पण कुजबुजण्यापुरता, असं सर्जन म्हणाले. ताई दोन महिने आईला बोलतं करून रेकॉर्ड करते आहे. बावीस रेकॉर्डिंग्ज, सगळी तिच्या फोनमध्ये. तो फोन ती गॅसशेजारी ठेवते! मी सांगून टाकलं, घरी सर्व्हर उभा करतो. पेन ड्राइव्ह नाही का चालणार, असं तिने विचारलं. काही लोकांना समजावण्यात अर्थ नसतो.

५ मार्च, बुधवार
ऑफिसातून भंगारात निघालेला कम्प्युटर आणला. आतली जुनी छोटी डिस्क सिस्टिमसाठी, तिच्यावर लिनक्स. आईच्या आवाजासाठी दोन मोठ्या नव्या डिस्क, RAID करून जोडलेल्या. म्हणजे एकीवर जे लिहू ते आपोआप दुसरीवरही. एक गेली तरी दुसरी हजर. या जोडीचं नाव md0. ती 'खजिना' नावाच्या फोल्डरमध्ये उघडते. चाचणी म्हणून त्यात एक सिनेमा टाकला. उत्तम.
मशीन हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं. ही म्हणाली, तिथे माझी कुंडी होती. कुंडीत डेटा राहत नाही, असं मी म्हणालो. तिने कुंडी उचलून माझ्या टेबलावर ठेवली.

७ मार्च, शुक्रवार
server1 हे काही नाव नाही. मशीनचं नाव बदलून 'अभेद्य' ठेवलं. रीस्टार्ट केलं.
चालू होईना. काळा पडदा, इमर्जन्सी मोड. md0 सापडत नाही म्हणे. शोधलं तर त्याच जोडीचं नाव आता md127. मधले एकशे सव्वीस कुठे गेले, देव जाणे.

८ मार्च, शनिवार
ऑफिसातल्या नेटवर्कवाल्याला फोन. सुट्टी असून उचलला, म्हणजे त्यालाही रस आहे. तो म्हणाला, डिस्कच्या जोडीवर मशीनचं जुनं नाव लिहिलेलं असतं. तुम्ही नाव बदललंत, आता ती परक्या घरी आल्यासारखी वागते, आणि परक्या जोडीला १२७ पासून नंबर मिळतो. सुरुवातीला काय काय जोडायचं याची यादी असते, fstab नावाची फाइल. तिच्यात md0 ऐवजी UUID, म्हणजे जोडीचा ओळख क्रमांक लिहा, तो कधी बदलत नाही.
UUID पाहिला. छत्तीस अक्षरं. ही काय लिहायची गोष्ट आहे?

९ मार्च, रविवार
स्वतःच उपाय शोधला. त्याच यादीत md0 च्या ओळीला एक शब्द जोडायचा: nofail. डिस्क सापडली नाही तरी मशीनने कुरकुर न करता चालू व्हायचं. एका झटक्यात चालू! खजिना उघडतो. आतला सिनेमा तेवढा गेला, रिकामं दिसतंय. बरंच झालं, पुसायचाच होता.
नेटवर्कवाल्याला कळवलं नाही. उगाच त्याचं मन दुखायला नको.

१२ मार्च, बुधवार
ताईकडची बावीसच्या बावीस रेकॉर्डिंग्ज खजिन्यात. आठवं ऐकून पाहिलं. मी लहान असताना आई खिडकीतून मला हाक मारायची, तशी हाक मारून दाखवते. रडू आलं. नोंद असावी म्हणून लिहितो.
ताईचा फोन भरला होता, म्हणून तिथली पुसून टाकली. नक्की ना, असं तिने दोनदा विचारलं. दोन डिस्क आहेत ताई, असं मी दोनदा सांगितलं.
ही डोकावून म्हणाली, मोठ्या डिस्क दोन हजार जीबीच्या ना? मग इथे शिल्लक चाळीसच का दाखवतंय? लिनक्सचं मोजमाप वेगळं असतं, असं सांगितलं. हिचा स्वभावच संशयी.

१६ मार्च, रविवार
सगळं सुरळीत आहे, पण md127 हे नाव डोळ्यांत खुपतं. नाव ठीक करायला इंटरनेटवरच्या अकरा कमांड दिल्या. आता मशीन चालू व्हायला सात मिनिटं लागतात. कमांड चुकीच्या क्रमाने लिहिल्या होत्या. लिहिणाऱ्याने.
निर्णय: छोटी डिस्क पुसून लिनक्स नव्याने टाकायचं. पुढच्या शनिवारी.

२२ मार्च, शनिवार
केलं. आधी दोन्ही मोठ्या डिस्कच्या केबल काढून ठेवल्या, आईच्या आवाजाला धक्का लागायला नको. सावधगिरी म्हणजे काय ते लोकांनी माझ्याकडून शिकावं. मग लिनक्स टाकलं, केबल जोडल्या. या वेळी ती छत्तीस अक्षरंही लिहिली (दोनदा चुकून), आणि मशीनला जुनंच नाव दिलं.
पाच वेळा रीस्टार्ट. पाचही वेळा md0. जिंकलो. हिला बोलावलं आणि तिच्यादेखत खजिना उघडला.
आत सिनेमा आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४
फक्त सिनेमा आहे.

२३ मार्च, रविवार
नेटवर्कवाला घरी आला. त्याचं म्हणणं असं: nofail लिहिल्यावर मोठ्या डिस्क जोडल्याच जात नव्हत्या. खजिना हा नुसता उंबरठा होता, आणि तो छोट्या डिस्कवर. तुम्ही सामान घरात न नेता उंबरठ्यावर ठेवलंत, आणि काल उंबरठाच उखडून नवा बसवलात. तीन तास त्याने खटपट केली. वाजेल असं काही हाती लागलं नाही.
चहा न घेता गेला.

२४ मार्च, सोमवार
ताईला सांगितलं. ती ओरडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ओरडली नाही. उठून सर्जनला फोन केला. आईला गेल्या आठवड्यापासून बोलायची बंदी आहे. उद्या दहा-बारा मिनिटं बोललं तर चालेल, जास्त नाही, असं ते म्हणाले.
माझी चूक आहे. इथे लिहून ठेवतो, बाहेर अजून नीट म्हणता आलेलं नाही.

२५ मार्च, मंगळवार
आईकडे गेलो. ताईने फोन मधे ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. आईने विचारलं, आधी मला सांग, नक्की झालं काय? तिला कळेल अशा भाषेत, अगदी मुळापासून समजावलं. तिला सगळं पटलं असं वाटलं. ताई समोरून सारखी हातवारे करत होती, का ते कळलं नाही.
एकंदर भेट चांगली झाली.

२ एप्रिल, बुधवार
ऑपरेशन नीट झालं. आई कुजबुजते. कान तोंडाजवळ न्यावा लागतो.
त्या मंगळवारचं रेकॉर्डिंग ताईने आज सगळ्यांना पाठवलं. अकरा मिनिटं दहा सेकंद. त्यातली पहिली साडेदहा मिनिटं मी बोलतो आहे. fstab आहे, UUID आहे, nofail चे फायदे-तोटे आहेत. आई मधेमधे 'हं' म्हणते. मग म्हणते, तुझे बाबा रेडिओ उघडून बसायचे तेव्हा मला असंच सगळं समजावून सांगायचे. रेडिओ काही कधी वाजला नाही. पण मला ऐकत बसायला आवडायचं. मग तिला खोकला येतो आणि ताई बंद करते.
सर्व्हरवर ठेवू का, असं मी कोणाला विचारलं नाही.
नऊ वेळा ऐकलं. ही म्हणाली, तुझी बडबड पुढे ढकलून शेवटचं तेवढं ऐक ना. तसं करून पाहिलं. नाही जमत. त्या बडबडीत आईचे सात 'हं' आहेत.